ढेपेचं वजन

मार्गशीर्षात झोपली ती,
तळजाईच्या वाळक्या पानांनी भरलेल्या
मिक्सरच्या खोक्यात.
खोक्यावर अजून लिहिलंय : नाजूक. ही बाजू वर.
उत्तरेच्या बाल्कनीत ठेवलं, अंगावर जुनी सतरंजी,
आणि रोज रात्री
टॉर्च लावून बघत राहिलो
गुळाची ढेप श्वास घेते का.

नाव ऊर्जितानं ठेवलेलं.
ऊर्जिता आता ग्रोनिंगेनला.
ढेपेचे कागद कपाटात,
माझ्या पेन्शनच्या कागदांना लागून.

शिव शिव म्हणत थंडी गेली.
कोपऱ्यावरच्या देवळात रांग लागली.
दगडी कासवाच्या पाठीवर हात टेकून लोक आत जात होते,
त्याला कुणी विचारलं नाही, झोप झाली का म्हणून.
घरातलं मात्र डोळे उघडेना.
डावा उघडला. उजवा चिकटलेला.

डॉक्टर होनप म्हणाले,
खायला घालायची घाई नको.
आधी ऊब. मग पाणी.
हनुवटीच्या खाली राहील एवढंच,
आणि कोपर बुडवून बघा, बाळाचं बघता तसं.

बाळाचं मी बघितलं नव्हतं.
तेव्हा खडकीच्या कारखान्यात
मला रात्रपाळी असायची.
कोपर बुडवणारी आता भिंतीवर आहे,
हाराशिवाय. तिला हार आवडत नसत.

पहिल्या दिवशी काही नाही.
घमेल्यात वीस मिनिटं एक दगड भिजवला.
दुसऱ्या दिवशी मान बाहेर आली,
पाणी बघितलं, आत गेली,
बँकेच्या खिडकीतला माणूस जेवायला जातो तशी.
तिसऱ्या दिवशी लाईट गेली, गॅसवर पातेलं ठेवलं.
चौथ्या दिवशी ती प्यायली.
मान खाली घालून, घसा हलवत, कितीतरी वेळ.
मग पाण्यात काहीतरी पांढरं,
खायच्या चुन्यासारखं.
फोनवर ऊर्जिता ओरडली, बाबा, किडनी चालू झाली!
तिच्या दहावीच्या निकालालाही या घरात
एवढी आरडाओरड झाली नव्हती.

रविवारी भवरलालकडे, रद्दीच्या काट्यावर.
‘कुठला भाव लावू काका, इंग्रजी का मराठी?’
एक किलो तीनशे दहा.
झोपली तेव्हा चौदाशे होती.
नव्वद ग्रॅम अंधारात गेले.
‘एवढं तर सुतळीचंच जातं,’ भवरलाल म्हणाला.
मी मेंटेनन्सच्या बिलामागे आकडा लिहिला.

जास्वंद नको. काकडी नको.
कोथिंबिरीवरून ती सरळ चालत गेली.
तिच्यासमोर फरशीवर बसून
मेथीचं एक पान मी स्वतः खाऊन दाखवलं.
कडू होतं. तिनं बघितलंसुद्धा नाही.

मग गच्चीवर नेऊ लागलो, नऊच्या उन्हाला.
तिथं टाकीचा नळ गळतो.
या नळावरून सोसायटीच्या तीन सभांत मी भांडलोय.
त्याच्याखाली, सिमेंटच्या फटीत,
घोळ उगवली होती,
लालसर देठांची, कुणी न पेरलेली.
ढेप थांबली. नाक वर केलं.
आणि निघाली,
वाळत घातलेल्या साड्यांखालून,
ऊन, सावली, ऊन.
माझी अकरा पावलं असतील.
मी मागून.
गुडघे कुरकुरणार नाहीत असा वेग
बऱ्याच वर्षांनी कुणीतरी धरला होता.
पोचली. चावली, देठासकट.
करकर आवाज आला,
एवढासा.

पुढच्या रविवारी : एक किलो तीनशे पस्तीस.

चौथ्या सभेत
मी नळाचा विषय काढला नाही.
सेक्रेटरी हिर्लेकर दोनदा माझ्याकडे बघून
पार्किंगवर गेले.