नमुना क्रमांक सात

सकाळी सव्वासातला विठ्ठलवाडीच्या घाटावर
इब्राहिमभाई शिकलगार दोरी सोडतात.
बादली पाण्याला टेकते,
आणि ते हलकेच म्हणतात, "घे, पहिली."
बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा ठेवायचा नाही.
बुडबुडा राहिला तर आपलीच हवा
नदीच्या नावावर जमा होते.

मग दोन औषधं, दोन दोन मिली.
बूच. पंधरा वेळा उलटसुलट.
साका तपकिरी आला तर पाण्यात प्राणवायू आहे,
पांढरा राहिला तर नाही.
विठ्ठलवाडीला येतो कोऱ्या चहाचा रंग.
म्हात्रे पुलाखाली त्यात कुणी दूध ओतलेलं,
ओंकारेश्वरापाशी आणखी थोडं.
बंडगार्डनला पांढरा.
खरवसासारखा पांढरा,
खाली बसायलाही वेळ घेणारा.

पुलावर स्कूटर थांबते. गृहस्थ नम्र आहेत.
"मॅडम, जरा बाजूला होता का?
खाली कुणाला लागायला नको."
इतकी काळजी!
निर्माल्याची पिशवी जलपर्णीवर पडते,
बुडत नाही.
ते नमस्कार करतात, हेल्मेट घालतात, जातात.
इब्राहिमभाई बादली विसळतात.
कशानं, तर त्याच पाण्यानं.

रजिस्टरात वासाचा रकाना आहे.
तीनच शब्द चालतात: नाही, सौम्य, आक्षेपार्ह.
नवी होते तेव्हा मी लिहिलं होतं,
"सुट्टीभर दप्तरात राहिलेल्या डब्यासारखा."
साहेबांनी लाल शाईनं खोडलं: निबंध नको.
तेव्हापासून आक्षेपार्ह.
आक्षेप कुणाचा, याला रकाना नाही.

घरी नळाला खडकवासल्याचं पाणी.
पाहुणे तांब्या संपवून म्हणतात, काय गोडी आहे!
मंगळवारी मी त्यात तांदूळ धुते, कढई घासते,
लेकीच्या युनिफॉर्मवरची शाई चोळते,
निळी धार मोरीत उतरताना बघते.
मोरी, चेंबर, नाला.
पुढचा रस्ता मला पाठ आहे.
बुधवारी मीच दोरी सोडते
आणि माझा मंगळवार वर ओढते.

दौंडच्या पुढे, नदीला लागून, हिराआत्या राहते.
तिच्या हापशाच्या पाण्यात डाळ शिजत नाही,
पातेल्याला आतून चुना लावल्यासारखा थर.
दुहेरी फडक्यातून गाळते, पिते.
तक्रार करत नाही. कुणाकडे करणार?
दर सुट्टीत मी तिच्यासाठी
पाच पाच लिटरचे दोन कॅन नेते, एसटीनं,
पायांत धरून, कंडक्टरची बोलणी खात.
खिडकीतून मधूनच नदी दिसते,
तीही तिकडेच निघालेली,
माझंच पाणी घेऊन, बिनतिकीट.
मी दोन अडीच तासांत पोचते.
ती कधीचीच पोचलेली असते.

आत्या कॅन देवाजवळ ठेवते,
शेजारणीला सांगते, "पुण्याचं पाणी आणलंय पोरीनं."
कुठल्या पुण्याचं म्हणते, मी विचारत नाही.

या खेपेला परतताना
पर्समध्ये हापशाची एक बाटली होती,
तीनदा विसळून भरलेली, वर तारीख घातलेली.
इब्राहिमभाईंनी ती उजेडाकडे धरली.
स्वच्छ दिसत होती. तेच तर.
"ही कुठली? यादीत नाही आपल्या."
मी सांगितलं.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"इथे साका बघून भागायचं नाही," म्हणाले, "नायट्रेट लावू."

छापील पानावर ओळी सहाच.
त्यांनी फूटपट्टी घेतली, खाली सातवी आखली,
पेन्सिलीनं हळूच आकडा घातला,
म्हणाले, "साहेबांनी विचारलं, तर खोडता येईल."

मी म्हटलं, "पेननं लिहा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग खिशातल्या पेनाचं टोपण काढलं.