आवाज कसला, ते सांग

वेइको सालमेला दार वाजवत नाही,
हाका मारतो. स्वतःला ऐकू येईल एवढ्या जोरात,
म्हणजे गल्लीभर.
"मर्ना, तुझे कान घेऊन ये!"

डुलूथ, फेब्रुवारी, उणे चोवीस.
सरोवर गोठून पार विस्कॉन्सिनपर्यंत पांढरं.
शाळेच्या बसची किल्ली खिशात तशीच,
मी त्याच्या गॅरेजात शिरते
आणि चष्म्यावर धुकं बसतं
भाजून भिजवलेल्या जवाच्या वासाचं.

स्टीलची तीन पातेली, पिंपंच म्हणा.
एक गॅसवर. त्यात उद्याची बीअर,
आज नुसतं गोड, चिकट, तपकिरी पाणी.
आणि खाली फळीवर आवळलेला
दोन मुठींएवढा पंप.
तो बोंबलतोय.

"पलीकडचा पोरगा म्हणाला, आवाज करतो.
आवाज कसला, ते सांग."

एकतीस वर्षं खनिजाच्या बोटीवर,
इंजिनघरात काढली त्यानं.
वरचे सूर तिथेच राहिले, मागाहून खालचेही.
तो यंत्र हातानं ऐकतो. पण हा पंप इतका हलका,
तळव्याला काही कळूच देत नाही.

"मोठा," मी म्हणते.
"मोठा म्हणजे काहीच नाही. खरखर की घरघर?"

दोन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात.
मी नखानं खिडकीवरच्या बर्फात लिहिते: खुळखुळ.
बाटलीत घोटभरच उरल्यासारखं.

"हवा!" तो खूश.
हा पंप आपणहून ओढत नाही, आळशी आहे,
त्याला भरवावं लागतं.
नळीला मधेच मांजराच्या पाठीसारखी कमान,
तिच्यात हवा दडी मारून.
तो बटण बंद करतो, कमान मोडतो,
पंपाचं डोकं फिरवून बाहेरची वाट वर आणतो.
बुडबुडे निघतात. दोन, मग एक,
मग बऱ्याच वेळानं एक रुसलेला.

पुन्हा बटण.
लिहिते: खरखर.
डांबरी रस्ता संपून बसखाली खडी लागते, तसं.

यावर तो माझ्याकडे असा बघतो
जणू मीच तोटी पिळून ठेवली.
"आत येणारी वाट कोणी अडवली?
एवढं गरम पाणी! पंप उपाशी राहिला
की ओढता ओढता ते त्याच्या पोटातच उकळतं.
मग फुटतात ते बुडबुडे नसतात, खडे असतात.
आवरायचं तर जाताना आवरावं. येताना कधीच नाही."
हे तो बोटीवर शिकला, शिव्या खाऊन.
तोटी अर्धी बंद होती. काल त्यानंच केली असणार.
ते मी लिहिलं नाही.

उघडली. खडी गेली.
उरली एक टकटक, तालात नसलेली.
खिडकीवर आता जागा नव्हती,
म्हणून त्याच्या खांद्यावर बोटानं वाजवून दाखवली.
टक. टकटक. टक.
डोळे मिटून तो उभा राहिला.
मी थांबले, तरी उभाच.

मग दोन्ही तोट्या बंद, चार स्क्रू, डोकं सुटलं.
आत हॉप्सचा हिरवा लगदा, चिमटीभर,
आणि त्याच्यामागे चिनीमातीची चकती,
नखाएवढी, दुभंगलेली.
कॉफीच्या डब्यात दुसरी होती.
त्याच्याकडे कॉफीच्या डब्यात सगळंच असतं.

"आता?"
मी स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला लावलं, मूठ कानाला.
गॅस सूं करत होता.
बाहेर कुणीतरी फावड्यानं बर्फ खरवडत होतं.
"मला काहीच ऐकू येत नाही."
"मलाही," वेइको म्हणाला,
आणि इतका हसला की पातेलं उतू गेलं.

ते पुसलं दोघांनी, चरफडत.
निघताना वळून पाहिलं:
एक तळवा पंपावर, खात्री करत,
आणि दुसऱ्या हातानं तो
तो खांदा चाचपत होता.