क्रम बदलू नये

सोमवार. उद्यमनगर बंद.
शटरला लागून शटर. एक कुत्रं
लेथच्या किसावरून पाय उचलत उचलत चाललेलं.
आमच्या माळ्यावर तेवढा पंखा फिरतोय
आणि स्क्रीनवर दोनशे चौदा चुका.

माझी चूक एकच.
शनिवारी निघता निघता हात शिवशिवले म्हणून
इन्क्लूडच्या ओळी मी अकारविल्हे लावल्या,
फडताळ आवरावं तशा.
वर चौगुल्यांनी लिहून ठेवलं होतं:
हा क्रम बदलू नये.
का, ते लिहिलं नव्हतं.
चौगुले आता चाकणला. फोन उचलत नाहीत.

भट्टीच्या फायलीला आधी सेन्सर हवा,
कारण तो तिच्या पोटात बसतो, अख्खा, मापासकट.
सेन्सरच्या फायलीला भट्टी हवी,
कारण ताप वाढला तर तो सांगणार कुणाला?
चौगुल्यांनी सेन्सरच्या ऐन मधल्या ओळीत
भट्टीला बोलावून घेतलेलं.
आधी सेन्सर उघडला, तर जमून जातं.
आधी भट्टी उघडली
तर दारावरचा गार्ड वही बघतो:
हिचं नाव आहे, गेली की आत.
आणि हातावर कोरा कागद ठेवतो.
ती अजून उंबऱ्यातच आहे,
तोंडातून अक्षर फुटलेलं नाही,
हे त्याच्या वहीत येत नाही.

भट्टी? कोण भट्टी?
कंपायलर विचारतो. दोनशे चौदा वेळा, त्याच आवाजात.

इलाही मिस्त्री चहा घेऊन वर आले.
पॅटर्न शॉप त्यांचं. सुट्टी त्यांना मानवत नाही.
"उद्या सहाला मेल्ट हाय. तुझं काय अडलंय?"
ह्याला ती आधी पाहिजे, म्हटलं, आणि तिला हा.
ते हसले नाहीत. खाली गेले,
पंपाची सागवानी पॅटर्न घेऊन आले.
दोन्ही टोकांना बाहेर आलेले दोन काळे गुटके.
"हे पंपात नसतंय.
कोअर अजून भाजायचाय, पल्याडच्या शेडात.
पर वाळूत त्येची जागा हे धरून ठेवतंय.
नुसती जागा.
कोअर आतनं कसला हाय, मोल्डरला आत्ताच कशाला पाहिजे?"

मी सेन्सरमधली ती मधली ओळ खोडली.
तिच्या जागी:
भट्टी नावाचं एक स्ट्रक्चर आहे
आणि अर्धविराम.
एवढंच. ती केवढी, आत काय काय, ते नंतर.
सेन्सरला ती नकोच होती, तिचा पत्ता पुरे.
पत्त्याचं माप एकच असतं,
नव्या राजवाड्याचा असो की स्टँडमागच्या टपरीचा.

दोनशे चौदाच्या नऊ झाल्या.
नऊ फायली उघड्या पडल्या
ज्या इतकी वर्षं सेन्सरच्या पाठीमागून
गुपचूप भट्टीत शिरत होत्या.
त्यांना आपापली ओळ लिहून दिली. या, समोरच्या दारानं या.

मग मुद्दाम उलटा क्रम लावला. चाललं.
मधूनच विस्कटला. चाललं.
चहावर साय धरली होती, तशीच प्यायले.

राहिली चौगुल्यांची ती ओळ.
कर्सर तिच्यापाशी लुकलुकत राहिला.
चार वर्षं हिच्याच जोरावर रोज सकाळी
इथं लोखंड वितळलंय.
निवडली. डिलीट.

सात वाजता त्यांचाच फोन.
"मिस्ड कॉल दिसला तुझा. काय गं?"
काही नाही, म्हटलं. क्रम बदलला.
पलीकडे हायवेचा आवाज, बराच वेळ.
मग, जरा दबकत:
"...आणि चालतंय?"