माया धरून एक किलोमीटर

डॉक्टर म्हणाले, पळा. आधी एक किलोमीटर, मग बघू.
किलोमीटर कुठून कुठवर असतो
ते लिहून दिलं नाही.
गोळीचं नाव तेवढं लिहिलं.

सत्तावीस वर्षं मी जेलरोडला बायकांची मापं घेते.
छाती, कंबर, बाहीचा घेर, गळा मागून किती खोल.
रस्त्याचं माप घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

शेजारच्या प्राजूच्या मनगटावर घड्याळ आहे,
ते पावलं मोजतं, ठोके मोजतं, झोपसुद्धा.
किंमत विचारली.
तेवढ्यात माझ्या मशीनला नवी मोटर येते
आणि वर पिको-फॉलचे दोन महिन्यांचे दोरे.

शनिवारी दुकान लवकर बंद केलं.
ह्यांची जुनी सायकल जिन्याखालून ओढली,
हवा भरली (पाच रुपये, एकूण खर्च तेवढाच)
आणि चाकाला टेप गुंडाळायला गेले तर टेपच अपुरी.
दीडशे सेंटिमीटर घेराच्या पुढचं गिऱ्हाईक
आजवर माझ्याकडे आलेलं नाही.
हसले एकटीच.
मग चाकाभोवती सुतळी, सुतळी फरशीवर सरळ,
तिला टेप दोनदा लावली:
दोन मीटर वीस.

वहीच्या मागच्या पानावर,
वाघांच्या सुनेच्या मापाखाली,
हजाराला भागत बसले. दोनदा चुकलं.
तिसऱ्यांदा आलं चारशे पंचावन्नला थोडं कमी.
थोडं कमी ते सोडून दिलं.

पहाटे साडेपाच. थंडी अशी की दातच मशीन चालवत होते.
आराला लाल चिंधी बांधून
कॅनॉल रोडने सायकल हातात धरून चालले.
चिंधी खाली आली की एक.
शंभर झाले की कुंपणाच्या तारेला एक बटण.
दोनशे चाळीसला कुत्रं मागे लागलं, तरी आकडा सोडला नाही.
दोनशे साठला, की सत्तरला,
कुलथे बाई समोरून आल्या,
"निमसे ताई, पंक्चर का हो? आणि माझा ब्लाऊज?"

परत पहिल्यापासून.

चारशे पंचावन्न संपले ते कुठे तर
दुधाच्या रिकाम्या क्रेटपाशी, एका अर्धवट भिंतीसमोर.
इतक्या लांब यायचं आणि बघायला काहीच नाही.
तिथे चिंधी बांधली. सायकलवर बसून घरी आले.

सोमवारी पळाले.
दुसरं बटण दिसत होतं, हाताला आलं नाही.
कंबरेवर हात ठेवून उभी राहिले,
बघणाऱ्याला वाटावं स्वतःचंच माप घेते आहे.

महिन्याने प्राजू सोबत आली.
चिंधीपाशी मनगट वळवून म्हणाली,
"काकू, तीस मीटर जास्त आहे तुमचा किलोमीटर."
म्हटलं, असू दे, माया आहे.
तिला कळलं नाही. तयार कपडे घालणारी पोर ती.
नेमक्या मापाला कापलं
तर शिवण कुठून मारायची, बाळा?
अंग उद्या भरतं, कापड धुतल्यावर आटतं,
उसवून सैल करायला आत काहीतरी लागतंच.
आणि घड्याळ चुकत असेल, हेही मनात ठेवलं.

आता गायधनी काका, प्रेसमधून रिटायर झालेले,
फोनवर कुणाला तरी मोठ्याने सांगतात,
"रोज तिसऱ्या बटणापर्यंत जाऊन येतो."
बटणं कुणाची, त्यांनी विचारलेलं नाही.

परवा दुसरं बटण तारेवर नव्हतं.
काल त्या जागी बाटलीचं निळं झाकण होतं,
भोक पाडून दोऱ्याने बांधलेलं.
गाठ कच्ची, पुरुषाच्या हाताची वाटते.
जाताना मी थांबत नाही, दम तुटतो.
येताना पक्की केली.