पीळ

हेक्समला, सुपरमार्केटच्या वरच्या कार पार्कात
मी हात उंच करून उभी.
हातात प्लास्टिकची नळी, नळीला मेजर-टेपचे तुकडे,
पिवळे, आकडे अजून दिसतात:
एक तेहेतिसावर कापलेला.
ट्रॉल्या गोळा करणारा पोरगा विचारतो, मासे पकडताय?
हो म्हणते.

सहा बेचाळीसला तो नैर्ऋत्येला उगवतो,
जेवणाच्या डब्याएवढा उपग्रह,
लोळत, गडबडत.
आधी खरखर. मग डोनेगलचा कुणीतरी
'ब्रें' एवढंच म्हणतो
आणि बुडतो.

गेला नाही. आडवा झालाय फक्त.
हे डेस्मंड चार्लटननं शिकवलं:
लाट उभी आली तर उभी धर.
वर तो कोलांटी खातो, लाट आडवी पडते,
तू तशीच ताठ राहिलीस
तर समोर असून ऐकू येणार नाही.
मनगट वळव. दाराची मूठ फिरवतेस, तसं.

त्याच्या स्वतःच्या छपरावर मात्र
तांब्याच्या तारेचं मळसूत्र होतं.
उभं येवो, आडवं येवो, ते घ्यायचं;
दर वेळी अर्धं सांडतं,
पण सगळं कधीच जात नाही, म्हणायचा,
संसारही असाच करावा.
(लग्न एकदाच, तेही अकरा महिने.)

मला ते अर्धं सांडणं कधी जमलं नाही.
मनगट दुखू दे.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आमच्याकडे म्हणतात.
इथे वाटेतलं आकाशच लाटेला पीळ घालतं,
किती, ते आधी सांगत नाही.

मार्चमध्ये त्याची एक बाजू गेली.
केअर होममध्ये तो कुशीवर, मी खुर्चीत सरळ,
बोलत राहिले: हवा, पार्किंगचे दर,
नवा उपग्रह कधी सुटणार.
काही पोचेना.
तिसऱ्या रविवारी खाली फरशीवर बसले,
गादीच्या काठाला गाल टेकवला.
दोघांचे डोळे एका रेषेत आले.
बराच वेळ खरखर.
मग ओठांच्या चालत्या बाजूनं:
पाच. नऊ.

नर्सनं लिहून घेतलं,
पेशंटला आकडे आठवतात.

वळवते मनगट.
'डन', म्हणतो डोनेगलचा माणूस,
आणि विचारतो, कसा ऐकू येतोय?
पाच-नऊ, मी म्हणते.
खरं तर जेमतेम तीन होता.