माझं

सोमवारी वीटभट्टीवरनं एक मूल आलं.
आईनं दारात सोडलं, चपला तिच्या हातात दिल्या,
कन्नडातनं काहीतरी भराभर सांगितलं आणि पळाली.
ट्रॅक्टर थांबणार नव्हता.
नाव रायव्वा. वय विचारलं तर
तीन बोटं दाखवली,
मग चौथं, अर्धं वाकवून.

आमच्या अंगणवाडीत गर्लगुंजीची सतरा पोरं.
हसणं मराठीत, भांडण मराठीत,
कन्नड माझ्या हजेरीपुस्तकात
आणि भिंतीवरच्या तक्त्यावर.
पोरं तक्त्याकडं बघून ओरडतात, "आने!"
आणि खाली बसून हत्तीला हत्तीच म्हणतात.

रायव्वा उंबऱ्याजवळ बसली.
मंथननं तिच्यापुढं बाहुली ठेवली,
काढून घेतली,
परत ठेवली.
त्याचा पाहुणचार असाच असतो.
तिनं दूध प्यालं. मिशी पुसली नाही.

मंगळवारी चिंचोके.
जोएल एक ते दहा म्हणतो, सात सोडून.
सात कुठं गेला रे?
"संपला, बाई."
रायव्वानं एक चिंचोका मुठीत धरला
आणि मूठ फ्रॉकखाली नेली.
मी बघितलं. तुळसाबाईनंही बघितलं.
दोघी खिडकीबाहेरच्या फणसाकडं बघत राहिलो,
जसं काही त्याला आजच फणस लागलेत.

बुधवारचं मला सांगता यायचं नाही.
खानापुरात मीटिंग होती,
मोबाइलवर पोरांची वजनं चढवायची, रेंज नव्हती.
तुळसाबाई म्हणाली,
"डोंगर का पाणी खेळलो गे.
ती नवी पोर, डोंगर म्हटलं तरी उभी,
पाणी म्हटलं तरी उभी.
मग पोरांनी तिलाच डोंगर केलं
आणि सगळी तिला धरून उभारली."

गुरुवारी अंडी. यादीत सतरा नावं, म्हणून सतरा.
माझ्या लक्षात येईपर्यंत वाटून झाली होती.
अफीफानं आपलं अंडं फोडलं,
पिवळं तेवढं काढून रायव्वाच्या ताटलीत टाकलं.
"मला आवडत नाही," म्हणाली.
मी त्याला मोठं नाव देणार नाही.
पिवळं होतं, आणि रायव्वानं ते खाल्लं.

शुक्रवारी कुंभारवाड्यातनं माती आणली,
मळलेली, तांबडी, घागरीची.
साप सगळ्यात सोपा. सोळा साप झाले.
एका सापाला जोएलनं पाय लावले.
रायव्वा विटा करत होती.
चारी कोपरे बोटानं ठोकून,
एकावर एक, मधे वारा जायला फट ठेवून.
असे कोपरे माझ्या हातनं झाले नसते.

मंथननं एक वीट ओढली.
आणि पाच दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज आला,
"माझं!"

आमच्या पुस्तकात पहिल्या आठवड्याचे शब्द छापलेत:
नमस्कार, आई, पाणी, फूल.
तिनं त्यातला एकही घेतला नाही.
आणि तो झ! दातांमागचा, अगदी इथला,
बदलून आलेल्या साहेबांना
सात वर्षांत जमला नाही तो.

मंथन गप्प. सापही गप्प.
मग त्यानं हात पुढं केला, म्हणाला, "कोडु."
हे कुठनं उचललं त्यानं, कंडक्टरकडनं का दुकानातनं,
कोण जाणे. तक्त्यावर तर नाही.
तिनं त्याच्याकडं बघितलं, विटांकडं बघितलं,
निवडून एक दिली.
कोपरा फुटलेली.

आज शनिवार, अर्धा दिवस.
पोरं गेली, मी पुस्तक भरायला बसले.
'नवीन शब्द' या रकान्यात
कन्नड अक्षरांत लिहिलं, माझं.
वाचून बघितलं तर झ जिभेवर मागं सरकलेला,
शब्द दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.
खोडावं म्हटलं. खोडलं नाही.
सुपरवायझर विचारतील तेव्हा तोंडानं म्हणून दाखवीन.

विटा खिडकीत वाळताहेत.
जाताना जोएलनं मोजल्या,
चार, पाच, सहा, आठ.