तार

माशेलात पहाट व्हायच्या आधी
आमच्या मागच्या पडवीत गुळाचा पाक उकळतो.
तीन पिढ्या आम्ही खाजी करतो:
बेसनाच्या कांड्या, आल्याचा रस, वरून तीळ.
जत्रा कुठल्याही देवाची असो,
माणसं परतताना आमच्या पाटापाशी थांबतात.

पाक झाला की नाही ते बोट सांगतं.
अंगठा, तर्जनी, मध्ये एक तार.
मग ती तार जिभेवर.
चाळीस वर्षं.

आता त्याच तर्जनीला सकाळी सुई.
थेंब, पट्टी, आकडा.
दोनशे अठरा.
शेवंतीनं तो कॅलेंडरवर लिहिला,
दुधाच्या खाड्याशेजारी.

डॉक्टर फुर्तादो रागावले नाहीत.
म्हणाले, "गुणाबाब, दिवसभर काय खाता ते सांगा."
मी सांगत गेलो आणि मलाच ऐकू आलं:
शीत, दुपारी शीत, रात्री परत शीत,
आणि चाखून चाखून पोटात गेलेला पाक
ज्याचा हिशेब मी कधी ठेवलाच नव्हता.

तेव्हा दुकानाचा तराजू स्वयंपाकघरात आला.
खाज्यांच्या पारड्यात उकड्या तांदळाचा भात,
दुसऱ्यात शंभराचं वजन.
गिऱ्हाइकाला मी नेहमी एक कांडी वर घालायचो.
शेवंती घालत नाही.
उरलेल्या ताटात तांबडी भाजी, मोडाचे मूग,
तिरफळं घातलेला बांगडा.
इनास पोदेर सायकल थांबवून विचारतो,
"कोंड्याची एकच पोळी? दुसरी कोणावर रुसली?"
बिनसाखरेचा चहा पहिले आठ दिवस
उकळलेलं भांडण होता.
आता नुसता चहा आहे.

पाक मी कानानं ओळखायला लागलो.
बुडबुडे जड झाले की कढई उतरवायची.
मला वाटलं, जमलं.

मग जत्रेत एका पोरानं विचारलं, "गोड आहे?"
म्हटलं, "खा आणि तूच सांग."
त्यानं चावलं. डोळ्यांत पाणी.
"तिखट!"
आल्याचा हात सुटला होता माझा,
आणि महिनाभर गिऱ्हाइकं
भिडेपोटी बोलली नव्हती.

काल पहाटे शेवंती कढईपाशी आली.
मी तार धरली होती, सवयीनं.
तिनं माझं मनगट ओढलं
आणि बोट सरळ स्वतःच्या तोंडात.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
"आलं कमी कर," म्हणाली,
"आणि हात धू, मग सुई."

एकशे सेहेचाळीस.
तिनं लिहिला तेव्हा तिच्या बोटाचा एक तीळ
आकड्याला चिकटून राहिला.